मूठ आणि तिचा हिशेब

यंदा कशावर लिहिणार असे संपादकांनी विचारले तेव्हा मी विषय सांगितला, आणि फोनवर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. खेळाच्या नियमपुस्तकांवर समीक्षा लिहायची, तीही दिवाळी अंकात, हे त्यांना चमत्कारिक वाटले असावे. दोन वर्षांपूर्वी मलाही ते तसेच वाटले असते. पण ज्या लेखनाने आपल्याला विचार करायला लावले त्याच्याविषयी लिहावे, ते कोणत्या कपाटात ठेवलेले असते याची फार चौकशी करू नये, असे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षे सांगत आलो. स्वतःवर पाळी आल्यावर मागे सरणे बरे दिसले नसते.

हे प्रकरण घरात शिरले ते माझ्या भाचीमुळे. दर शनिवारी संध्याकाळी तिच्याकडे पाच-सहा मित्रमैत्रिणी जमतात आणि टेबलाभोवती बसून रात्री अकरा-बारापर्यंत एक खेळ खेळतात. या खेळात पट नसतो म्हटले तरी चालेल. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळणारा आपले पात्र काय करते ते बोलून सांगतो, आणि ते साधेल की फसेल याची खात्री नसेल तिथे फासे टाकतात. वीस बाजूंचाही एक फासा असतो. या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. त्याची पुस्तके आजही निघतात, सुधारतात आणि भांडणे लावतात.

भाची त्या मंडळींची सूत्रधार. एके दिवशी ती एक कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मामा, एवढं मराठी बघून द्या. आमच्या खेळात एक भिक्षू आहे. तो नुसत्या हातांनी लढतो. त्याच्या ठोशाचं वर्णन लिहिलंय." मी वाचले. मुठीभोवती निळे तेज पसरत होते, हवेत नाद घुमत होता, आणि शत्रू वाळलेल्या पानासारखा उडून भिंतीवर आदळत होता. मी म्हटले, "भाषा शुद्ध आहे. पण ते तेज काढून टाक." ती म्हणाली, "मग ती जादू आहे हे कळणार कसं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. ते शोधताना मी तिच्या कपाटातली पुस्तके एकामागून एक वाचत गेलो. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा हिशेब आहे.

तलवारीचे वर्णन करणे तुलनेने सोपे असते. ती माणसाहून वेगळी वस्तू असते. तिला धार असते, मूठ असते, पूर्वी ती कोणाच्या कमरेला होती हा इतिहास असतो. तलवारीत जादू आहे म्हटले की ती जादू कुठे ठेवायची याला जागा आपोआप मिळते. रिकाम्या हाताचे तसे नाही. हात सर्वांनाच असतो. वाचक ज्या हाताने पुस्तक धरून बसला आहे त्याच हाताने हा भिक्षू राक्षस लोळवतो हे पटवायचे आहे. म्हणजे अद्भुत कुठे बाहेर ठेवायला जागाच उरत नाही, ते देहात मुरलेले दाखवावे लागते. या खेळांच्या लेखकांना ही अडचण पहिल्या वर्षापासून भेडसावलेली आहे, आणि त्यांनी काढलेल्या वाटा पाहिल्या तर वर्णन या गोष्टीविषयीच बरेच काही शिकायला मिळते.

खेळात भिक्षू पहिल्यांदा आला तो १९७५ साली, 'ब्लॅकमूर' नावाच्या पुरवणीत. पुस्तकात त्याला 'मंक' म्हटले आहे आणि धर्मगुरूंच्या वर्गाचा तो एक पोटवर्ग मानला आहे. काळ ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत 'कुंग फू' ही दूरदर्शन-मालिका १९७२ ते १९७५ चालू होती. ब्रूस ली १९७३ साली वारला आणि त्याच वर्षी त्याचा 'एंटर द ड्रॅगन' झळकला. पण या पात्राचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या ब्रायन ब्लूम यांची स्फूर्ती आणखी निराळी होती, असे गायगॅक्स सांगत. ती होती १९७१पासून निघू लागलेल्या 'द डिस्ट्रॉयर' या कादंबरीमालेची. वॉरन मर्फी आणि रिचर्ड सॅपिर यांच्या या कादंबऱ्यांत एक म्हातारा कोरियन गुरू एका अमेरिकन पोलिसाला नि:शस्त्र मारण्याची विद्या शिकवतो. तेव्हा मठ चिनी, गुरू कोरियन, नाव ख्रिस्ती संन्याशाचे आणि वाचक अमेरिकन, अशा चार धाग्यांचे हे वस्त्र आहे. त्याला मी दोष देत नाही. अद्भुताची कुळे सगळीकडे अशीच संमिश्र असतात. मात्र ज्या गोष्टीचे अनुभवाशी नाते दूरचे असते तिचे वर्णन करताना लेखक आकड्यांचा आधार फार घट्ट धरतो, हे इथे दिसते.

१९७८ साली गायगॅक्स यांनी 'प्लेअर्स हँडबुक' लिहिले. त्यात भिक्षूची जी कोष्टके आहेत ती वाचताना मला एखाद्या पेढीची खतावणी उघडल्यासारखे वाटले. या खेळात प्रत्येक पात्राला एक आकडा असतो. घाव बसला की तो घटतो, शून्यावर आला की पात्र कोसळते. पहिल्या लेव्हलच्या भिक्षूचा ठोसा शत्रूच्या या आकड्यातून १ ते ३ वजा करतो. साधी लांब तलवार १ ते ८ वजा करते. भिक्षू अनुभवाने चढत जातो आणि सतराव्या लेव्हलला त्याचा रिकामा हात ८ ते ३२ वजा करू लागतो. मूठ तलवारीला मागे टाकते ती अशी, एकेका ओळीने.

या कोष्टकाची थट्टा करणे सोपे आहे. मीही सुरुवातीला केली. पण त्याच्या शेजारीच जे नियम आहेत ते वाचून थांबलो. या भिक्षूने चिलखत घालायचे नाही. द्रव्य साठवायचे नाही. जादूच्या वस्तू पाचापेक्षा अधिक जवळ बाळगायच्या नाहीत. आणि वरच्या पदव्या तर मोजक्याच आहेत. त्या पदावर आधीच जो बसला आहे त्याला द्वंद्वात हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या खेळात बाकी सर्वांचे डोळे खजिन्यावर लागलेले असतात त्या खेळात एक पात्र जाणूनबुजून रिकाम्या हातांनी चालते, आणि त्या रिकामेपणाचा मोबदला त्याच्या देहात जमा होतो, ही कल्पना मला खरोखर वाङ्मयीन वाटते. गायगॅक्स यांनी ती वर्णनात मांडली नाही, नियमांच्या बंधनांत मांडली. तपाचे वर्णन करण्याची ही एक रीत आहे, आणि ती हिणकस नाही.

खरा घोटाळा झाला तो 'जादू' हा शब्द मुठीला लावायची वेळ आली तेव्हा. या खेळात काही राक्षस असे असतात की त्यांना साध्या शस्त्राने पुरती इजा होत नाही. जादूचे शस्त्र लागते. इतरांना अशी शस्त्रे खजिन्यात मिळतात. भिक्षूने काय करायचे? २००० साली निघालेल्या आणि २००३ साली सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीने याचे उत्तर फार नीटनेटके दिले. सुधारित पुस्तकात चौथ्या लेव्हलला भिक्षूची मूठ जादूचे शस्त्र मानावी, दहाव्याला ती सुव्यवस्थेच्या पक्षाचे शस्त्र मानावी, आणि सोळाव्याला अॅडमँटाइन या कल्पित, अतिकठीण धातूची मानावी असे ठरले. 'मानावी' हे क्रियापद इथे फार बोलके आहे. मूठ बदलत नाही. तिच्यावरची चिठ्ठी बदलते. ज्याने शस्त्र टाकले तो पुन्हा शस्त्राच्याच मापाने मोजला जातो. भिक्षूचा हात धातूचा झाला म्हणून आपण आनंद मानायचा, आणि धातू हाताहून श्रेष्ठ नाही या त्याच्या मूळ प्रतिज्ञेवर पाणी सोडायचे, असा हा सौदा आहे.

त्याच आवृत्तीने आणखी एक विभागणी केली. काही सामर्थ्ये 'असामान्य' ठरवली आणि काही 'अलौकिक'. जादू बंद पाडणाऱ्या मंत्राच्या घेऱ्यात पाऊल पडले की अलौकिक सामर्थ्य थांबते, असामान्य मात्र चालू राहते. व्यवहार म्हणून ही सोय चांगली आहे. पण यादी पाहिली की गंमत वाटते. भिक्षू आपल्या जखमा स्वतः बऱ्या करतो, ते अलौकिक. कोणत्याही सजीवाशी तो बोलू शकतो, ते मात्र नुसते असामान्य! म्हणजे मुंगीशी गप्पा मारणे हा अभ्यासाचा भाग, आणि जखम भरणे, जे आपल्या सर्वांचे देह रोज करत असतात, तो चमत्कार. अद्भुताची सीमारेषा नकाशावर काढायला गेले की ती अशी कुठूनही जाते. भाचीचा प्रश्न मला इथे पुन्हा आठवला. जादू आहे हे कळणार कसे? या पुस्तकाचे उत्तर: कंसातल्या खुणेवरून.

आपल्याकडे याच प्रसंगाला निराळी वाट आहे, आणि मराठी वाचकाला ती कीर्तनातून परिचित आहे. भीम आणि जरासंध यांचे मल्लयुद्ध महाभारताच्या सभापर्वात दिवसांमागून दिवस चालते. चौदाव्या रात्री जरासंध थकतो. या युद्धात तेज नाही, नाद नाही, मंत्र नाही. अद्भुत आहे ते थकण्याला इतके दिवस लागले यात. लहानपणी ऐकलेले कीर्तनकार हा प्रसंग रंगवत तेव्हा काडी उभी चिरून, तिचे भाग उलटसुलट टाकून दाखवत. श्रोत्यांना अंगावर काटा यायचा तो त्या काडीमुळे. भीमाच्या बळाचे एकही विशेषण त्या क्षणी वापरलेले नसे.

माझे एक चुलते कोल्हापूरच्या तालमीत वाढले. कान चुरगळलेले, मान खांद्यात गेलेली, बोलणे अतिशय मवाळ. त्यांनी कोणाला मारल्याचे मी कधी पाहिले नाही. एकदा बाजारात एका झिंगलेल्या माणसाने त्यांच्यावर हात उगारला. काकांनी त्याचे मनगट धरले. एवढेच. तो माणूस हळूहळू खाली बसला, आणि बसल्यावर काकांनी त्याला विचारले, "पाणी आणू काय?" गल्लीत ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली, पण कोणीही तिला निळे तेज चिकटवले नाही. 'तो खाली बसला' या तीन शब्दांत सगळे येत होते. कुस्तीच्या डावांची नावेही अशीच आहेत. धोबीपछाड म्हटले की धोबी, दगड आणि कपडा डोळ्यांपुढे येतात, आणि पाठीवर उचललेला गडी पुढे कसा आदळतो हे सांगावे लागत नाही. नावातच हालचाल आहे.

काकांची गोष्ट मी भाचीला सांगितली. ती म्हणाली, "मामा, पण ती जादू नव्हती." मी म्हटले, "बसणाऱ्याला विचार."

नियमपुस्तकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की याच परंपरेतल्या काही लेखकांना आकड्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी वर्णनालाच नियमात जागा दिली. रॉबिन लॉज यांचा 'फंग श्वे' हा खेळ १९९६ साली निघाला. त्याचा आदर्श हाँगकाँगचे मारधाडीचे चित्रपट. त्यात ज्यांना नाव नाही असे गुंड एका चांगल्या फटक्यातच पडतात. जखमांचा हिशेब नाव असलेल्यांपुरताच. ही युक्ती मला फार मार्मिक वाटली, कारण कथेतही असेच असते. खोलीत झुंबर आहे की नाही हे खेळणाऱ्याने विचारत बसू नये. असण्यासारखे असेल तर त्याने सरळ त्याला लोंबकळावे, अशी तिथे मुभा आहे. पुढे २००१ साली आलेल्या 'एक्झाल्टेड'ने आणखी एक पाऊल टाकले. तिथे व्याघ्र, सर्प, क्रौंच अशा नावांच्या दैवी युद्धशैली आहेत. आणि खेळणाऱ्याने आपली कृती चित्रमय भाषेत सांगितली तर त्याला एक ते तीन फासे अधिक मिळतात. चांगल्या वाक्याला रोख बक्षीस!

समीक्षकाला हे ऐकून आनंद व्हायला हवा. मलाही झाला. एका शनिवारी भाचीने ती रीत करून पाहिली आणि मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. पहिला अर्धा तास बहारीचा गेला. कोणी खांबावरून उडी घेतली, कोणी भरल्या ताटाने वार अडवला. मग हळूहळू प्रत्येक ठोशाला उपमा येऊ लागली. कमळे उमलली, चंद्र फुटले, वादळे मुठीत मावली. दहाव्या ठोशाला मला जांभई आली, आणि खरे सांगायचे तर सांगणाऱ्यालाही आली. अलंकाराला मोल ठरवून दिले की तो पिकू लागतो, आणि पीक अमाप आले की भाव पडतो. दरबारी काव्याचे जे झाले तेच त्या टेबलावर दोन तासांत झाले. दोष त्या मुलांचा नव्हता. प्रत्येक कृती अद्भुत सांगा असा नियम असेल तर साधी कृती उरत नाही, आणि साधी कृती उरली नाही की अद्भुत कशाच्या शेजारी ठेवायचे?

या सगळ्याच्या मागे जी चिनी कादंबरी उभी आहे तिच्याकडे वळल्यावर मला वाट दिसली. जिन योंग या लेखकाने १९५५पासून हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतून क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. १९५७ ते १९५९ या काळात आलेल्या एका कादंबरीत ड्रॅगन वश करणारे तळहाताचे अठरा प्रहार आहेत. त्यांतल्या एका प्रसिद्ध प्रहाराचे नाव 'यी चिंग' या प्राचीन ग्रंथातून घेतले आहे. त्याचा भाव असा की फार उंच गेलेल्या ड्रॅगनला पश्चात्ताप होतो. हा प्रहार शिकवताना गुरू भर देतो तो पश्चात्तापावर. हाताने जेवढे बळ टाकायचे त्याहून जास्त मागे राखायचे, ही त्याची किल्ली. जे राखून ठेवले आहे त्याचे भय समोरच्याला वाटते. माझ्या काकांना हे चिनी नाव सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती, असे मला वाटते.

आणि मग लक्षात आले की नियमपुस्तकांतही असा एक प्रहार पहिल्यापासून आहे, मी तो यादीतली आणखी एक ओळ म्हणून ओलांडून गेलो होतो. त्याचे नाव कंप पावणारा तळहात. विलंबाने मारणाऱ्या स्पर्शाची दंतकथा चिनी मुष्टियुद्धाच्या जगात जुनी आहे. ब्रूस लीच्या मृत्यूनंतर अशाच स्पर्शाच्या अफवा पसरल्या होत्या. १९७८च्या पुस्तकात तेराव्या लेव्हलच्या भिक्षूला हे सामर्थ्य आठवड्यातून एकदा मिळते. तो शत्रूला स्पर्श करतो. नंतर त्याची लेव्हल जेवढी, तेवढ्या दिवसांच्या आत केव्हाही नुसत्या इच्छेने त्याला मारू शकतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत हे सतराव्या लेव्हलला येते. प्रहार बसला की शत्रूच्या देहात न जाणवणारी कंपने सुरू होतात आणि सतराव्या लेव्हलला ती सतरा दिवस टिकतात. भिक्षूने ठरवले की ती थांबतात, आणि मग शत्रूच्या देहाने टिकाव धरला नाही तर तो कोसळतो. शिवाय एक छोटेसे वाक्य आहे: भिक्षूला वाटले तर तो काहीही इजा न होता ती कंपने संपवू शकतो.

बाकीची सर्व सामर्थ्ये क्षणात घडतात आणि वजाबाकीत संपतात. या एकाच सामर्थ्यात काळ आहे. आणि काळ आला की त्याच्या मागोमाग मन येते.

भाचीच्या खेळातला भिक्षू चालवणारा मुलगा अबोल. बँकेत नोकरीला आहे. शनिवारीही दमून येतो. कथेत त्याच्या गुरूला एका किल्लेदाराने मारले होते. दोन वर्षे चाललेल्या खेळात अखेर तो किल्लेदार समोर आला. द्वंद्वात मुलाने कंपनाचा प्रहार जाहीर केला, फासा बरा पडला, आणि भाचीने वर्णन केले: "त्याच्या खांद्यावर तुझी थाप पडते. तो हसतो. म्हणतो, एवढंच?" तेज नव्हते, नाद नव्हता. टेबलावर सगळे गप्प झाले.

पुढे कथेच्या ओघात किल्लेदार शरण आला आणि त्याच्याच वाटाड्येपणाने मंडळींना घाट उतरावा लागला. कथेतल्या प्रत्येक संध्याकाळी भाची त्या मुलाला विचारायची, "आज काय करतोस?" तो म्हणायचा, "आज नाही." दोन-तीन शनिवार हे चालले. किल्लेदार शेकोटीशी बसून आपल्या गुडघेदुखीबद्दल बोलायचा, वाट चुकला की स्वतःलाच शिव्या घालायचा. बाकीचे खेळणारे चिडले होते. त्यांचे दोन साथीदार या माणसाने मारले होते. सतराव्या दिवशी भाचीने पुन्हा विचारले. मुलगा बराच वेळ फासा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "सोडला." का, असे कोणीतरी जवळजवळ ओरडून विचारले. तो भाचीकडे पाहून म्हणाला, "रोज विचारत होतीस ना."

किल्लेदाराला हे कधीच कळले नाही. नियमाप्रमाणे कळायचे कारणही नव्हते.

मी आयुष्यभर शोकांतिका शिकवल्या. पण सामर्थ्य आणि क्षमा यांचे नाते इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच पाहिले असेल. त्यात पुस्तकाचा वाटा किती आणि त्या मुलाचा किती? पुस्तकाने सतरा दिवस दिले आणि इजा न करता सोडण्याची मुभा दिली. भाचीने रोज विचारले. मुलाने उत्तर दिले. या वाङ्मयप्रकाराचा घाटच असा की त्याचा अर्धा मजकूर छापलेला असतो आणि अर्धा बोलला जातो. तेव्हा छापलेल्या अर्ध्याची कसोटी एवढीच की तो बोलणाऱ्याला काय बोलायला भाग पाडतो. '८ ते ३२' हा आकडा वजाबाकी करायला लावतो. 'जादूचे शस्त्र मानावे' हे वाक्य कोणालाच काही बोलायला लावत नाही. सतरा दिवसांची मुदत रोज बोलायला लावते.

म्हणूनच २०२४ सालच्या सुधारित पुस्तकाविषयी माझे मन द्विधा आहे. त्यांनी 'की' हा शब्द काढून टाकला. तो मूळ चिनी शब्दाचा जपानी उच्चार. चिनी धाटणीच्या मठात तो उपराच होता, आणि सर्व पूर्वेला एका पोत्यात भरण्याच्या जुन्या सवयीचे ते चिन्ह होते. तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण त्या शब्दाच्या अर्थात श्वास होता, आपल्या प्राणाचा तो सोयरा होता. त्याच्या जागी आता एकाग्रतेचे गुण मोजले जातात. श्वास सोडला जातो, धरला जातो, संपतो. तो देहाचा आहे. एकाग्रता परीक्षेच्या पेपराचीही असते. आणि कंप पावणाऱ्या तळहाताची मुदत कायम ठेवली असली तरी त्याचा शेवट आता बारा बाजूंच्या दहा फाशांची बेरीज असा झाला आहे; देहाने टिकाव धरला तर निम्मी. पूर्वी भिक्षूच्या हाती एक मरण होते, आता एक मोठी रक्कम आहे. खेळ त्यामुळे अधिक समतोल झाला असेल. खेळणारे तसे म्हणतात आणि त्यांना ते माझ्याहून जास्त कळते. पण रक्कम माफ करणे आणि प्राण माफ करणे यांत फरक आहे, आणि तो फरक टेबलावर जाणवल्याशिवाय राहणार नाही.

हा लेख भाचीला वाचून दाखवला तेव्हा तिने एक आक्षेप घेतला. तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. ती म्हणाली, "मामा, तुम्ही एकच संध्याकाळ पाहिलीत जी जमली. आकडे असतात ते न जमणाऱ्या संध्याकाळींसाठी. सगळे दमलेले असतात, कोणाला काही सुचत नसतं, तेव्हा ते कोष्टकच खेळ पुढे नेतं." मला हे मान्य करावे लागले. वृत्तही कवीला अशाच संध्याकाळी सावरत असते. तेव्हा कोष्टके फाडून टाकावीत असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्याने शस्त्र टाकले त्याच्या हाताला धातूची चिठ्ठी लावू नये, त्याच्या प्रत्येक ठोशाला चंद्र बांधू नये, आणि त्याच्या हाती थोडा वेळ द्यावा.

तिने तो पहिला कागद पुन्हा लिहून आणला आहे. निळे तेज गेले आहे. भिंतीवर आदळणेही गेले आहे. आता तिथे फक्त इतके आहे की भिक्षू हात मागे घेतो, आणि समोरचा माणूस आपल्या छातीकडे पाहतो. "आता जादू वाटते का?" असे तिने विचारले. मी म्हटले, त्या बँकेतल्या मुलाला विचार. त्याच्या हातात फासा असेल तेव्हा.